परत आलेल्या लिम्फोमाला नाव देताना

बायॉप्सीच्या फॉर्मवर ‘रिलॅप्स’, म्हणजे आजार परत आला, असं लिहिलेलं असलं की मी तो कोपरा बोटाने झाकते आणि बाकीचं वाचते. शेजारी बसणारे ज्युनियर हसतात. हसू देत. तो शब्द एकदा डोळ्यांत शिरला की स्लाइडवरही तोच दिसायला लागतो. लिहिणाऱ्या डॉक्टरांच्या मनात त्या शब्दापुढे प्रश्नचिन्ह असतं, पण घाईत ते कागदावर उतरतंच असं नाही.

लिम्फ नोडच्या, म्हणजे लसिका ग्रंथींच्या, स्लाइड बघण्यात माझी वीसेक वर्षं गेली. नव्यांना वाटतं, परत आलेला लिम्फोमा, म्हणजे या ग्रंथींतल्या पेशींचा कॅन्सर, ओळखणं सोपं, आजाराचं नाव आधीच माहीत आहे, फक्त ‘तोच आहे’ एवढं म्हणायचं. माझा अनुभव उलटा आहे. उपचारांनी गाठीचा चेहरामोहरा बदललेला असतो, हातात आलेला तुकडा बहुतेक वेळा चिमुकला असतो आणि जुन्या नावाचं दडपण डोक्यावर बसलेलं असतं. मी हे काम कसं करते, ते इथे लिहिते आहे. लिहिते आहे पॅथॉलॉजीत नव्याने आलेल्यांसाठी, पण ‘आजार माहीत असताना परत बायॉप्सी कशाला?’ असं विचारणाऱ्या नातेवाइकांनाही यात उत्तर सापडेल.

कामाला बसताना मनात पाच खण ठेवा. तोच आजार जसाच्या तसा परत आला, हा पहिला. तोच आजार आडदांड होऊन परत आला, म्हणजे ट्रान्सफॉर्मेशन, हा दुसरा. जुना गेला आणि वेगळाच लिम्फोमा उपटला, हा तिसरा. लिम्फोमा नाहीच, दुसरं काहीतरी आहे, हा चौथा. आणि पाचवा, ज्याबद्दल बोलायला कोणालाच आवडत नाही: पहिल्या वेळी दिलेलं नावच चुकलं होतं.

आधी जुना ब्लॉक मागवा

जुना रिपोर्ट पुरत नाही, जुना ब्लॉक, म्हणजे मेणात बसवून ठेवलेला तुकडा, हवा. रिपोर्टमध्ये त्या वेळी बघणाऱ्याला जे दिसलं तेवढंच असतं. त्याला न सुचलेला मार्कर, म्हणजे पेशीची ओळख पटवणाऱ्या एखाद्या प्रथिनाचा रंग, ब्लॉकवर आजही लावता येतो. जुन्या न रंगवलेल्या स्लाइड मात्र वापरू नका. कापून वर्षानुवर्षं पडलेल्या सेक्शनवर (ब्लॉकच्या पातळ कापांवर) बरेच मार्कर फिके येतात. ब्लॉकमधून ताजे सेक्शन कापा.

रिपोर्ट हातात आला की त्यावरचं साल बघा. लिम्फोमाची नावं दर काही वर्षांनी बदलत आली आहेत. १९८२चं वर्किंग फॉर्म्युलेशन, १९९४चं रिअल, मग जागतिक आरोग्य संघटनेच्या २००१, २००८ आणि २०१७च्या आवृत्त्या, आणि २०२२ साली तर एकाच वर्षात दोन वर्गीकरणं आली: संघटनेची पाचवी आवृत्ती आणि दुसऱ्या तज्ज्ञगटाचं आयसीसी. २०१०च्या एखाद्या रिपोर्टमध्ये ‘डिफ्यूज लार्ज बी-सेल आणि बर्किट यांच्या मधला, वर्गीकरण न होणारा’ असं लांबलचक नाव भेटेल. (बी आणि टी या लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींच्या दोन जाती; हे दोन्ही बी पेशींचे वेगाने वाढणारे लिम्फोमा.) हा खण पुढे बंदच झाला. मिक आणि बीसीएल६ या दोन जीन्सची मोडतोड असलेल्या गाठीला २०१७मध्ये ‘डबल हिट’ म्हणायचे. २०२२च्या पाचव्या आवृत्तीने तिला त्या गटातून बाहेर काढलं, आयसीसीने तात्पुरता का होईना पण वेगळा खण ठेवला. फॉलिक्युलर लिम्फोमाची, म्हणजे गोल पुंजक्यांत (फॉलिकलमध्ये) बसणाऱ्या बी पेशींच्या लिम्फोमाची, ग्रेड पाचव्या आवृत्तीत ऐच्छिक झाली, आणि पूर्वीच्या ग्रेड ३बीला ‘फॉलिक्युलर लार्ज बी-सेल लिम्फोमा’ हे नाव मिळालं.

याचा साधा परिणाम असा की जुन्या आणि नव्या रिपोर्टवर दोन वेगळी नावं दिसली म्हणून आजार बदलला असं होत नाही. आधी जुन्या गाठीला आजच्या नावाने हाक मारून बघा, मग तुलना करा. आणि तुमच्या रिपोर्टमध्ये कोणतं वर्गीकरण वापरलंत ते एका ओळीत लिहा. पाच वर्षांनी ते वाचणारा तुम्हाला दुवा देईल.

औषधांचा हिशेब

फॉर्मवर ‘केमो झाली’ एवढंच असेल तर फोन उचला. मला औषधांची नावं आणि शेवटच्या डोसची तारीख लागते. रिटुक्सिमॅब किंवा बी पेशींवरचं सीडी२० हे प्रथिन पकडणारं दुसरं काही दिलं होतं का? सीडी३० पकडणारं ब्रेंटुक्सिमॅब? कार-टी, म्हणजे बदललेल्या टी पेशींचा उपचार? स्टेरॉइड चालू आहे का, कधीपासून? सांधेदुखीसाठी मेथोट्रेक्सेट चालू होतं का? क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, म्हणजे सीएलएल असेल, तर इब्रुटिनिबसारखी गोळी मध्येच थांबवली होती का?

हा शेवटचा प्रश्न मी एका फोननंतर शिकले. सीएलएलच्या एका रुग्णाच्या मानेतली गाठ आठवड्याभरात फुगली होती. स्लाइडवर मोठ्या पेशींचे पसरलेले पट्टे, मायटोसिस (विभागणाऱ्या पेशी) भरपूर, वाढीचा वेग दाखवणारं की-६७ वर चढलेलं. रिश्टर ट्रान्सफॉर्मेशन, म्हणजे सीएलएलचा आडदांड लिम्फोमा झाला, असंच कोणीही म्हणेल. (हा रिश्टर भूकंपाचा नव्हे. मॉरिस रिश्टर नावाच्या पॅथॉलॉजिस्टने १९२८ साली याची पहिली केस लिहिली.) रिपोर्ट टाइप झाला होता. सही करण्याआधी, निव्वळ सवय म्हणून, फोन केला.

“सर, गोळी चालूच आहे ना?”

“नाही हो मॅडम. दाताचं ऑपरेशन होतं, रक्तस्राव नको म्हणून दहा दिवस बंद ठेवली होती. का?”

मी टाइप केलेला कागद बाजूला सारला. ही गोळी थांबवल्यावर गाठी फुगतात, आणि मायक्रोस्कोपखाली हुबेहूब रिश्टरसारख्या दिसू शकतात. गोळी परत सुरू झाली की उतरतात. मोठी केमो सुरू करण्याआधी गोळी सुरू करून बघा, असं मी रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहिलं. काही आठवड्यांत गाठ बसली.

तुकडा कुठला आणि कसा

शक्य असेल तर अख्खी गाठ मागा. लिम्फोमाच्या निदानात पेशी कशा दिसतात याइतकंच त्या कशा बसल्या आहेत हेही महत्त्वाचं असतं, आणि सुईने ओढलेल्या पेशींत ती बैठक दिसत नाही. एफएनएसीवर, म्हणजे अशा बारीक सुईच्या तपासणीवर, ‘लिम्फोमासारखं दिसतंय’ इथपर्यंत जाता येतं. कोणता, तोच की बदललेला, हे तिथून ठरवू नका. गाठ पोटात खोल असेल तर कोअर बायॉप्सी घ्यावीच लागते. मग जाड सुईने, जमतील तितके जास्त तुकडे मागा.

कुठली गाठ काढायची? हाताला सहज लागते ती नाही. पीईटी स्कॅनवर सर्वांत जास्त चमकणारी. ट्रान्सफॉर्मेशन एखाद्याच गाठीत सुरू होतं आणि बाकीच्या गाठी जुन्याच आजाराच्या असतात. काखेतली सोपी गाठ काढून ‘लो ग्रेड फॉलिक्युलर’ रिपोर्ट दिला, आणि पोटातली चमकणारी गाठ तशीच वाढत राहिली, असं मी बघितलं आहे. सर्जन आणि रेडिऑलॉजिस्ट या दोघांशी आधी बोललात तर हे टळतं.

गाठ ताजी आली तर सगळी फॉर्मलिनमध्ये बुडवू नका. कापलेल्या तोंडाला स्वच्छ काच टेकवून दोन-चार इंप्रिंट घ्या. छोटा तुकडा फ्लो सायटोमेट्रीसाठी (सुट्या पेशींवर मार्कर बघण्यासाठी) आरपीएमआय माध्यमात टाका. उरलेल्या गाठीचे दोन ते तीन मिलिमीटरचे काप करा आणि मगच फॉर्मलिन. अख्खी गाठ तशीच टाकली तर कडेला ती नीट मुरते आणि मधोमध कच्ची राहते. त्या मधल्या भागात पेशी फुटलेल्या दिसतात आणि मार्कर खोटे येतात. अस्थिमज्जेचा तुकडा असेल तर कॅल्शियम काढायला ईडीटीए वापरा. तीव्र आम्लात ठेवलेल्या तुकड्यावर नंतर फिश (जीनची मोडतोड दाखवणारी तपासणी) किंवा डीएनएची तपासणी करायची वेळ आली तर हात चोळत बसावं लागतं.

कोअरच्या बाबतीत माझा एक हट्ट आहे आणि टेक्निशियन त्यावरून माझी चेष्टा करतात. दोन तुकडे असतील तर दोन वेगळे ब्लॉक. आणि मायक्रोटोमवर ब्लॉक पहिल्यांदा चढला की त्याच वेळी नेहमीच्या एच अँड ई रंगाच्या सेक्शनसोबत पंधरा कोरे सेक्शन कापून ठेवायचे. कारण ब्लॉक पुन्हा चढवला की तोंड सपाट करण्यातच चांगले दहा-बारा सेक्शन वाया जातात. चिमुकल्या तुकड्यात तेवढ्यात ट्यूमर संपतो.

स्टेरॉइडबद्दल: लिम्फोमाच्या पेशी स्टेरॉइडने विरघळतात. मेंदूतल्या लिम्फोमात तर काही दिवसांच्या डोसनंतर बायॉप्सीत फक्त मॅक्रोफेज (मेलेल्या पेशी साफ करणाऱ्या पेशी) आणि थोड्या टी पेशी उरतात. असा तुकडा आला तर ‘लिम्फोमा नाही’ लिहू नका. ‘स्टेरॉइडनंतरचा तुकडा, निदानासाठी अपुरा’ असं लिहा.

लिम्फोमा आहे का मुळात?

पीईटीवर चमकणारं सगळं लिम्फोमा नसतं. क्षयाची गाठ चमकते, उपचारांनंतर येणारी सार्कॉइडसारखी ग्रॅन्युलोमाची (दाहाच्या पेशींच्या पुंजक्यांची) गाठ चमकते, केमोनंतर तरुणांमध्ये परत फुगणारी थायमस चमकते. दंडात लस घेतल्यानंतर काखेतल्या गाठी चमकतात. ग्रॅन्युलोमा दिसले तर क्षयाचे जंतू दाखवणारा एएफबीचा स्टेन लावा आणि कल्चरची आठवण करून द्या. पण ग्रॅन्युलोमा सापडल्याच्या आनंदात हॉजकिन लिम्फोमाच्या पेशी शोधायचं विसरू नका, दोन्ही एकत्र असू शकतात.

गाठ पूर्ण मेलेली असेल तरी लगेच हात टेकू नका. मेलेल्या पेशींच्या सावल्यांवर सीडी२० बऱ्याचदा उमटतं. रेटिक्युलिनच्या स्टेनमध्ये जुनी बैठक दिसते. कडेला जिवंत पट्टा शोधा, सापडला नाही तर दुसरी गाठ मागा.

सीएलएलच्या रुग्णात अचानक दुखरी, मोठी झालेली गाठ आली आणि मध्ये मेलेले पट्टे दिसले तर हर्पीस सिंप्लेक्सचा स्टेन लावा. रिश्टरचा आव आणणारा हा दुसरा बहुरूपी. त्याला केमो दिली तर अनर्थ, अँटिव्हायरल दिलं तर गाठ उतरते.

अस्थिमज्जेत माझी स्वतःची फजिती झाली होती. शिकत होते तेव्हाची गोष्ट. फॉलिक्युलर लिम्फोमा, रिटुक्सिमॅबचा कोर्स संपलेला. मज्जेत हाडाला चिकटून लिम्फोसाइटचे तीन ठसठशीत पुंजके. जिथे आधी आजार होता, अगदी तिथेच. मी ‘आजार शिल्लक’ लिहून मोकळी झाले. मला शिकवणाऱ्या मॅडमनी स्लाइड लावली, वर न बघता विचारलं, “सीडी३ केलंस?” टी पेशी दाखवणारा तो मार्कर. नव्हतं केलं. केलं तेव्हा तिन्ही पुंजके टी पेशींचे निघाले. बी पेशी रिटुक्सिमॅबने साफ केल्या होत्या, त्यांच्या जागी टी पेशी येऊन बसल्या होत्या. तेव्हापासून रिटुक्सिमॅबनंतरच्या पुंजक्याला सीडी३, सीडी२० आणि बी पेशींचाच दुसरा मार्कर पॅक्स५ या तिघांशिवाय मी नाव देत नाही. असाच दुसरा खड्डा हेमॅटोगोनचा. केमोनंतर मज्जा सावरत असताना कोवळ्या बी पेशी वाढतात. त्या सीडी१० पॉझिटिव्ह असतात, काही टीडीटी पॉझिटिव्हही. फ्लोवर त्यांचा कोवळेपणापासून पक्वतेपर्यंतचा सलग वळसा दिसतो. कॅन्सरच्या पेशी असा वळसा घेत नाहीत, एका जागी घट्ट गोळा होतात.

मार्कर हरवतात

ज्या मार्करवर औषधाने निशाणा धरला, तो मार्कर लपवून किंवा टाकून देऊन पेशी वाचतात. रिटुक्सिमॅब १९९७ साली वापरात आलं, तेव्हापासून सीडी२० नसलेले बी-सेल लिम्फोमा आमच्या टेबलावर यायला लागले. सीडी१९वरच्या कार-टीनंतर सीडी१९ जातं. ब्रेंटुक्सिमॅबनंतर सीडी३० फिकं होऊ शकतं. आता सीडी२० आणि सीडी३ या दोन्हींना एकत्र पकडणारी औषधं आली आहेत, त्यांच्यानंतरही सीडी२० हरवतं. म्हणून बी पेशी ओळखायला एकाच खुंटीवर सगळं टांगू नका. सीडी२० नाही मिळालं तर पॅक्स५, सीडी७९ए, सीडी१९, ओसीटी२ आणि बीओबी१ बघा. हे सगळेच मंद असतील तर सीडी१३८ आणि मम१ लावा, कारण पेशी प्लाझ्माब्लास्टच्या (अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशीच्या कोवळ्या) रूपाकडे सरकलेली असू शकते.

एक बारकावा. रिटुक्सिमॅब नुकतंच दिलेलं असेल तर ते पेशीच्या बाहेरच्या अंगाला चिकटून बसतं आणि फ्लोमधली सीडी२०ची अँटिबॉडी तिथे जागाच मिळवू शकत नाही. ब्लॉकवर लावतो ती एल२६ अँटिबॉडी सीडी२०चं पेशीच्या आतलं टोक पकडते, त्यामुळे तिला हा अडथळा नसतो. फ्लोवर निगेटिव्ह आणि ब्लॉकवर पॉझिटिव्ह, असं आलं तर मार्कर हरवलेला नाही, झाकलेला आहे.

आता ज्या गाठीमुळे मी पाचवा खण कधीच विसरत नाही, ती सांगते. साठीतले गृहस्थ. सात वर्षांपूर्वी डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा (डीएलबीसीएल), उपचार पूर्ण, आता मानेत गाठ. फॉर्मवर अर्थातच ‘रिलॅप्स’. जुन्या रिपोर्टवर चार मार्कर: सीडी२० पॉझिटिव्ह, सीडी३ निगेटिव्ह, सीडी१० निगेटिव्ह, की-६७ ऐंशी टक्के. त्या दिवसांत बऱ्याच ठिकाणी एवढंच व्हायचं, त्यामुळे त्या लॅबला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

नवी स्लाइड लावली. मोठ्या, वेड्यावाकड्या केंद्रकांच्या पेशींची सपाट पसरण. सीडी२० निगेटिव्ह, रिटुक्सिमॅबनंतर हे अपेक्षितच. पॅक्स५ पॉझिटिव्ह. इथे थांबले असते तर ‘डीएलबीसीएल, परत आलेला, सीडी२० हरवलेलं’ असा सुबक रिपोर्ट झाला असता. पण सीडी५ अगदी हलकं उमटलं होतं. बाजूच्या टी पेशी गडद तपकिरी आणि ट्यूमरच्या पेशी चहात दूध जास्त झाल्यासारख्या. म्हणून सायक्लिन डी१ लावलं. स्लाइडवर आधी रक्तवाहिन्यांच्या अस्तराची केंद्रकं बघितली, ती तपकिरी होती, म्हणजे स्टेन नीट लागलाय. मग ट्यूमर बघितला. एकूण एक केंद्रक भरलेलं. सॉक्स११ही पॉझिटिव्ह. फिशमध्ये ११ आणि १४ या गुणसूत्रांची अदलाबदल सापडली.

मँटल सेल लिम्फोमा, म्हणजे सायक्लिन डी१ने भरलेल्या बी पेशींचा वेगळाच आजार, प्लिओमॉर्फिक (वेड्यावाकड्या पेशींच्या) प्रकारचा. या रूपात तो डीएलबीसीएलसारखाच दिसतो.

जुना ब्लॉक मागवला. यायला नऊ दिवस लागले. त्यातून ताजे सेक्शन कापून सायक्लिन डी१ लावलं. तिथेही एकूण एक केंद्रक तपकिरी. आजार परत आला होता हे खरं, तोच होता हेही खरं, फक्त सात वर्षं तो दुसऱ्याच नावाने वावरत होता. आणि मँटल सेलसाठी औषधांची वाट वेगळी जाते, बीटीके हे पेशीतलं एन्झाइम अडवणाऱ्या गोळ्या त्यात हुकमी. कोणत्याही परत आलेल्या ‘डीएलबीसीएल’वर, आधी झालेलं नसेल तर, सायक्लिन डी१ लावा. स्लाइड एक, मिनिटं थोडी.

आडदांड झालाय का?

फॉलिक्युलर लिम्फोमा दर वर्षी साधारण २ ते ३ टक्के रुग्णांत मोठ्या पेशींच्या लिम्फोमात बदलतो. ट्रान्सफॉर्मेशन म्हणायला मोठ्या पेशींची फॉलिकल सोडून पसरलेली चादर दिसली पाहिजे. सीडी२१ लावून फॉलिकलची जाळी कुठे संपते ते बघा. नुसतं की-६७ जास्त आहे म्हणून ट्रान्सफॉर्मेशन म्हणू नका. ट्रान्सफॉर्मेशन दिसलं की मिक, बीसीएल२ आणि बीसीएल६साठी फिश करा, कारण पेशीला मिकची मोडतोड बहुधा याच वळणावर येऊन मिळते.

बीसीएल२च्या स्टेनवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. नेहमीची अँटिबॉडी, क्लोन १२४, प्रथिनाच्या एका ठराविक तुकड्याला चिकटते. त्याच जागी म्युटेशन झालं की स्टेन निगेटिव्ह येतो आणि गाठ नुसती सुजलेली वाटते. शंका आली तर ई१७ ही दुसरी अँटिबॉडी लावा.

सीएलएलमध्ये वाढलेल्या प्रोलिफरेशन सेंटरना (पेशी वाढण्याच्या ठिकाणांना) रिश्टर म्हणायची घाई होते. सेंटर मोठी, एकमेकांत मिसळलेली, की-६७ चाळीस टक्क्यांच्या वर, तरी मोठ्या पेशींची खरीखुरी चादर नसेल तर ते रिश्टर नाही. तसंच सीएलएलच्या गर्दीत एखाददुसरी रीड-स्टर्नबर्गसारखी, म्हणजे हॉजकिनच्या ओळखीच्या मोठ्या पेशीसारखी, पेशी दिसली म्हणजे हॉजकिन झाला असंही नाही. त्या पेशीभोवती हॉजकिनची स्वतःची पार्श्वभूमी हवी, इओसिनोफिल, हिस्टिओसाइट, टी पेशी.

तोच की दुसराच?

रिश्टरच्या डीएलबीसीएल प्रकारात साधारण ८० टक्के वेळा मोठ्या पेशी जुन्या सीएलएलच्याच वंशातल्या असतात. उरलेल्यांत तो निव्वळ योगायोगाने आलेला दुसरा लिम्फोमा असतो, आणि त्या रुग्णांचं पुढचं आयुष्य बरंच चांगलं जातं. म्हणून हा प्रश्न अभ्यासापुरता नाही.

साधी तुलना आधी करा. कप्पा आणि लॅम्ब्डा या बी पेशींच्या अँटिबॉडीच्या दोन साखळ्या. जुनी गाठ कप्पा आणि नवी लॅम्ब्डा असेल तर क्लोन, म्हणजे एकाच पेशीपासून वाढलेला वंश, बहुतेक दुसरा. मग इम्युनोग्लोब्युलिन जीनची क्लोनॅलिटी, जुन्या आणि नव्या तुकड्याची एकाच दिवशी, एकाच रनमध्ये, दोन-दोनदा. तुकडा लहान असला की डीएनए कमी पडतो आणि खोटं शिखर उगवतं. ते दुसऱ्या वेळी दुसऱ्याच जागी येतं, म्हणून दोनदा. जुन्या ब्लॉकमधला डीएनए तुटलेला असतो, तिथे या जीनच्या एफआर१चा लांब तुकडा वाढत नाही, एफआर३चा आखूड तुकडा बऱ्याचदा हाती लागतो. शिखरं एकाच लांबीची आली तर तोच क्लोन असण्याची शक्यता मोठी, पण खात्री हवी असेल तर सीक्वेन्सिंग. आणि फॉलिक्युलरसारख्या आजारात जीनमध्ये इतकी म्युटेशन साठलेली असतात की प्रायमर चिकटतच नाहीत. ‘क्लोन सापडला नाही’ म्हणजे ‘क्लोन नाही’ असं वाचू नका.

डीएलबीसीएल पाच वर्षांहून उशिरा परत आला तर जुन्या स्लाइडचे कोपरे पुन्हा चाळा. मोठ्या पेशींच्या गर्दीत एखादं फॉलिकल दबलेलं सापडतं आणि मग कळतं की तिथे सुरुवातीपासूनच खाली एक शांत आजार होता.

हॉजकिन आणि टी-सेल

जुना रिपोर्ट ‘क्लासिक हॉजकिन’ म्हणत असेल तर रीड-स्टर्नबर्ग पेशीवर सीडी३०, सीडी१५, मंद पॅक्स५ आणि हरवलेलं सीडी४५ जुळतंय का ते बघा. सीडी२० गडद आणि ओसीटी२ ठळक असेल तर तो मुळात नोड्युलर लिम्फोसाइट प्रेडॉमिनंट प्रकार असू शकतो. हा कित्येक वर्षांनी परत येतो आणि कधी कधी डीएलबीसीएलचा अवतार घेऊन येतो. आधी हॉजकिन आणि नंतर छातीतला लार्ज बी-सेल, असे एकामागून एक आले तर त्याला ‘ग्रे झोन’ म्हणायचं नाही. तो शब्द एकाच गाठीत दोन्हींच्या मधलं रूप दिसलं तरच.

सगळ्यात जास्त वेळ मात्र टी-सेलची गाठ खाते. अँजिओइम्युनोब्लास्टिक या टी-सेल लिम्फोमात ईबीव्ही (एपस्टाइन-बार) विषाणू लागलेल्या बी पेशी फुगून रीड-स्टर्नबर्गचं सोंग घेतात, अगदी सीडी३० आणि सीडी१५सकट. सगळ्यांचं लक्ष त्या मोठ्या पेशींकडे, आणि खरा आजार मागच्या साध्या दिसणाऱ्या टी पेशींत. ‘परत आलेला हॉजकिन’ उपचारांना दाद देत नाही म्हणून तुकडा आला, तर पीडी१, सीडी१०, सीएक्ससीएल१३ आणि आयकॉस टी पेशींवर बघा, सीडी२१ची जाळी फॉलिकलच्या बाहेर पसरलीय का बघा. याच रुग्णाला पुढे ईबीव्हीवाला बी-सेल लिम्फोमाही होऊ शकतो, त्यामुळे ईबीव्ही दाखवणारी ईबर तपासणी प्रत्येक वेळी नव्याने करा, जुन्यावर भागवू नका. टेट२चं म्युटेशन सापडलं म्हणून आजार परतला असं ठरवू नका. ते रक्त बनवणाऱ्या मूळ पेशींतही असतं. रोआ जीनमधलं जी१७व्ही जास्त बोलकं.

कार-टी झालेल्या रुग्णात टी पेशींची नवी गाठ आली तर तिला उगाच जुन्या आजाराच्या खात्यात टाकू नका. अशा टी-सेल कॅन्सरबद्दल अमेरिकेच्या एफडीएने जानेवारी २०२४मध्ये या उपचारांवर ठळक इशारा छापायला लावला. अशा वेळी गाठीच्या पेशींत कार-टीसाठी घातलेला ‘कार’ जीन आहे का हे तपासायला वेगळ्या लॅबची मदत लागते, तेव्हा ताजा तुकडा गोठवून ठेवा.

रिपोर्टमध्ये काय लिहायचं

पहिल्या ओळीत आजचं निदान, नंतर जुन्याशी नातं: तोच, बदललेला, वेगळा, किंवा ठरवता आलं नाही. ‘ठरवता आलं नाही’ लिहायची लाज बाळगू नका, पण का आलं नाही ते लिहा: जुना ब्लॉक मिळाला नाही, तुकडा संपला, डीएनए तुटलेला निघाला. पुढचं औषध ज्याच्यावर ठरणार ते मार्कर, म्हणजे सीडी२०, सीडी१९, सीडी३०, ते असोत नसोत, नावानिशी लिहा. फिश यायचं असेल तर तसं लिहून रिपोर्ट सोडा आणि आल्यावर पुरवणी जोडा. दहा दिवस अख्खा रिपोर्ट अडवून धरलात तर तिकडे उपचार अंदाजाने सुरू होतात.

त्या मँटल सेलच्या गाठीचं लेखन मला जड गेलं. जुन्या निदानाबद्दल मी एवढंच लिहिलं: ‘मूळ ब्लॉकवर आज नव्याने केलेल्या तपासणीत सायक्लिन डी१ आणि सॉक्स११ पॉझिटिव्ह. मूळ निदान मँटल सेल लिम्फोमा असं वाचावं.’ चूक, निष्काळजी असले शब्द नाहीत. रिपोर्ट जाण्याआधी त्या लॅबमध्ये फोन केला. पलीकडे ज्यांनी तो मूळ रिपोर्ट दिला होता तेच डॉक्टर होते. क्षणभर काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “स्लाइड पाठवता का, मला बघायचीय.” ब्लॉक परत पाठवताना ती स्लाइडही सोबत ठेवली.

ब्लॉक परत पाठवताना एक करत जा. त्यातून किती सेक्शन कापले, कोणते मार्कर केले आणि ब्लॉकमध्ये अंदाजे किती ट्यूमर शिल्लक आहे, हे पाकिटावर तारखेसकट लिहा. तो ब्लॉक पुन्हा कोणीतरी मागवणार आहे.